सही खरी की हुबेहूब?

मदतनिधीच्या कार्यक्रमात नामवंत खेळाडूच्या सहीची वस्तू लिलावात येते. सोबत प्रमाणपत्र असते आणि पैसे सत्कार्याला जाणार असतात. मग शंका कोण घेणार? नकली माल खपवणाऱ्यांना हाच भरवसा हवा असतो. अमेरिकेत १९९०च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम राबवली, तेव्हा बनावट सह्यांचा मोठा साठा हाती लागला. त्यात चक्क मदर तेरेसांच्या ‘सही’चा बेसबॉलही होता! खोटी प्रमाणपत्रेही या धंद्याचाच भाग होती.

म्हणून प्रमाणपत्राआधी सही पाहावी. सही ही सरावाने अंगवळणी पडलेली हालचाल असते. हात विचार न करता झरझर चालतो. त्यामुळे रेघेची टोके निमुळती होतात आणि वळणांवर दाब कमी-जास्त होतो. नक्कल करणारा मात्र सही चित्रासारखी सावकाश काढतो. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून रेघेतली थरथर, बोथट टोके, मध्येच पेन उचलल्याच्या खुणा दिसू शकतात. अर्थात, वय किंवा आजारपणामुळेही हात थरथरतो. तेव्हा एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. सलग रेघेऐवजी रंगीत ठिपके दिसले, तर सही छापील समजावी.

दोन सह्या तंतोतंत जुळल्या, तर संशय अधिकच घ्यावा. माणसाची प्रत्येक सही थोडी वेगळी येते, यंत्राची येत नाही. २०२२मध्ये बॉब डिलन यांच्या पुस्तकाच्या ५९९ डॉलरच्या ‘स्वाक्षरीत’ प्रती चाहत्यांनी ताडून पाहिल्या आणि यंत्राची करामत उघडी पडली. प्रकाशकाचे हमीपत्र सोबत असूनही! शेवटी प्रकाशकाला पैसे परत करावे लागले.

काळाचा हिशेबही उपयोगी पडतो. बेसबॉलपटू बेब रूथ १९४८मध्ये वारले, तर ‘शार्पी’ मार्कर १९६४मध्ये बाजारात आला. त्या मार्करने केलेली रूथ यांची सही खरी कशी असेल?

बोली लावण्यापूर्वी आयोजकांना विचारा: वस्तू कोणी दिली? सही कुठे, कधी, कोणासमोर झाली? विक्रेत्याचा वाटा किती आणि संस्थेला किती मिळणार? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर वस्तूचा मोह सोडावा आणि संस्थेला थेट देणगी द्यावी. सगळी रक्कम सत्कारणी लागेल.