शेवटच्या ट्रॉलीचा दिवा

पहाटे ५:४५
रात्रभर रांगेत थांबलेले उसाचे ट्रॅक्टर साखर कारखान्याच्या वजनकाट्याकडे सरकायला लागलेत. जानेवारीचा गारठा, मळीचा उग्र वास. दुकान उघडण्याआधी बॅटरी घेऊन रांगेच्या कडेने एक फेरी मारतो आणि प्रत्येकाच्या मागच्या ट्रॉलीपाशी थांबतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. मागची अंधारात असली तर पुढचीचे दिवे तिच्याआड झाकले जातात, लागून उपयोग नाही. ४ वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला पोरगा मोटारसायकलवरून अशाच ट्रॉलीला मागून धडकला. पाय गेला. ती ट्रॉली त्या दुपारी माझ्या दुकानासमोर उभी होती आणि मी जेवायला घरी गेलो होतो. तेव्हापासून ही फेरी चुकवलेली नाही.

७:३०
बीडहून तोडणीच्या टोळीबरोबर आलेला ड्रायव्हर. "मिस्त्री, उजवा इंडिकेटर दिला की फ्यूज जातोय. चार घातले." ट्रॉलीखाली वाकून बघितलं, तर हिरवी वायर सांगाड्याला बोल्टखाली आवळलेली आणि पांढरी इंडिकेटरला. गावातल्या घरगुती वायरमननं जोडणी केली होती. त्याचं तरी काय चुकलं? घरात हिरवी म्हणजे अर्थिंग. ट्रॉलीच्या सात पिनांच्या प्लगमध्ये मात्र अर्थिंग पांढरी, ३ नंबरला. हिरवी ४ नंबरला, उजव्या इंडिकेटरची. पिवळी १, डावा इंडिकेटर. तपकिरी ५ आणि काळी ७, उजवी-डावी टेल. लाल ६, ब्रेक. बाजारातल्या केबलीत रंगही फिरलेले सापडतात, म्हणून मी रंगावर जात नाही. प्लगच्या आत पिनेशेजारी कोरलेला नंबर वाचतो. दोन वायरी अदलाबदल केल्या, दहा मिनिटांचं काम.

१०:००
एक तरुण शेतकरी नवं सॉकेट घ्यायला आला. प्लास्टिकचं की धातूचं? ट्रॉली जोडताना हुक आपटणारच, तिथं धातूचं टिकतं. पण त्याच्या झाकणाची स्प्रिंग बघून घ्यायची. झाकण सैल असेल तर ते सॉकेट पावसाळा काढत नाही. त्याहून महत्त्वाची केबल. दोन ट्रॉल्यांचे २१ वॅटचे चार ब्रेक बल्ब मिळून १२ व्होल्टवर ७ अँपिअर ओढतात. बारीक वायरीत दाब वाटेतच खपतो आणि मागचा बल्ब लालसर काजव्यासारखा दिसतो. अर्थिंगला अडीच चौरस मिलिमीटर, बाकीला दीड, सगळी बारीक तारांची. घराची एकेरी जाड तार हादऱ्यानं मोडते.

दुपारी १:००
डबा. आता दुकानातच खातो.

३:३०
आजचं खरं काम हे. ब्रेक दाबला की मागच्या ट्रॉलीचे दोन्ही इंडिकेटर मिणमिणतात. ड्रायव्हर म्हणतो, बल्ब बदला. बल्ब चांगले होते. करंटला परतीची वाट लागते. पांढरी वायर तुटली की तो दुसऱ्या बल्बांतून वाट काढतो, आणि एरवी हुकातून. हुकात गंज, माती, ग्रीस. खड्ड्यात ट्रॉली उसळली की तीही वाट तुटली. लांब वायर घेतली, एक टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या पत्र्याला लावलं. दिवा लख्ख. म्हणजे दोष अर्थिंगचाच.

पहिल्या ट्रॉलीच्या मागचं सॉकेट उघडलं. उसाच्या रसाचा चिकटा, त्यावर धूळ, त्यात मेलेल्या मुंग्या. ३ नंबर हिरवट कळकलेला, त्यात अडकलेली वायर बोट लावताच निसटली. कळक पॉलिश पेपरनं घासला. प्लगमधली पितळेची पिन मधोमध चिरलेली असते. ती चीर पातळ पेचकसानं केसभर उघडली, म्हणजे सॉकेटात घट्ट बसते. जास्त फाकवली तर तुटते. वायर मागं कापून नव्यानं सोलली, थिंबल दाबलं, स्क्रू आवळला. वरून व्हॅसलिनचा पातळ हात. चाकाचं ग्रीस कोंबू नये, धूळ धरून त्याचा लगदा होतो. सॉकेटचं तोंड खाली करून बसवलं, पाणी साठू नये म्हणून.

केबल वळणावर ताणू नये एवढी सैल आणि जमिनीला टेकू नये एवढी आखूड बांधली. शेतात ट्रॉली सोडताना आधी प्लग, मग हुकाची पिन, हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तुटलेल्या केबली या एकाच विसरण्यातल्या.

संध्याकाळी ६:३०
अंधारून आलं. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर फडाकडे निघालेत. दुपारचा ड्रायव्हर माझ्यासमोर थांबला. मी मागच्या ट्रॉलीच्याही मागं दहा पावलं जाऊन उभा राहिलो.

"डावा दे!"
लागला.
"उजवा!"
लागला.
"ब्रेक दाब. धरून ठेव."
दोन्ही लाल, सारखेच. इंडिकेटर गप्प.
"सोड. जा आता, सावकाश."