टायरास नवी धांव

पुणें-बंगळूर महामार्ग आपल्या उंब्रजवरून जातो. ऊंस, भाजीपाला व विटा वाहणाऱ्या मालमोटारी आणि पिकअप गाड्या आपण नित्य पाहतों. त्यांपैकीं कित्येकांच्या मागील चाकांस ‘रिमोल्ड’ केलेले टायर असतात. ते कसे होतात, हें समजून घेऊं.

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धांव झिजली म्हणून कोणी चाक टाकून देत नाहीं. लोहार त्याच लाकडी चाकावर नवी धांव तापवून चढवितो. टायराचेंही तसेंच आहे. वरचें रबर रस्त्याशीं घासून झिजतें, परंतु आंतील सुतांचा वा पोलादी तारांचा सांगाडा धड राहूं शकतो. कारागीर प्रथम तो सांगाडा तपासतो, उरलेलें रबर खरवडतो, नवा पट्टा बसवितो आणि उष्णता व दाब देऊन सर्व एकजीव करितो. साच्याच्या रीतीस सुमारें १५० अंश सेल्सिअस उष्णता लागते. तयार नक्षीच्या पट्ट्यास सुमारें १०० अंश पुरते. रबरांत गंधक मिसळून तापविल्यास तें टिकाऊ होतें, हा चार्लस गुडइयर यांचा १८३९ सालचा शोध याच्या मुळाशीं आहे.

यांत पैसा वांचतो व रबरही वांचतें. विमानांचे टायरसुद्धां असे नवे करितात. परंतु सांगाडा दुखावलेला असेल, हवा कमी असेल किंवा भार बेसुमार असेल, तर टायर तापून पट्टा उडतो आणि काटकसर प्राणावर बेतते. पुढील चाक फुटल्यास गाडी हातची जाते. यास्तव तेथें नवा टायरच घालावा. जुनें जपावें, पण पारखून जपावें.