ओढ राजापूरची

सिल्वासा हे माणसांना बोलावून घेणारे शहर. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ९८,२६५ नोंदली गेली. कारखान्यांमागोमाग देशभरातून आलेल्या कुटुंबांत आपण डॉक्टर मंडळीही आहोत. परंतु ज्या गावांनी ही माणसे दिली, त्यांचे काय झाले? माझ्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ वर आली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, या आकड्यामागे मुख्यतः पोटासाठी बाहेर पडलेला पुरुष उभा आहे.

राजापूर याच जिल्ह्यातले. सतराव्या शतकात येथे इंग्रजांची वखार होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, एवढी या बंदराची श्रीमंती! पुढे अर्जुना नदी गाळाने भरत गेली आणि पेठेचा व्यापार ओसरला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण ‘राजापूर रोड’ स्थानकही गावापासून दूरच.

तरीही पावले तिकडे वळतात. उन्हाळे येथील गंगा साधारण तीन वर्षांनी प्रकटते. कधी लवकर, कधी उशिरा. चौदा कुंडे भरली की चाकरमान्यांची रीघ लागते. जवळच ऊन पाण्याचा झरा आहे. सांधेदुखीचे रुग्ण आमच्या गोळ्यांपेक्षा त्यावरच अधिक विश्वास ठेवतात! मृडानीकाठी धूतपापेश्वराचे देऊळ आहे आणि पावसाळ्यात तेथे धबधबा कोसळतो. जवाहर चौकात पुराचे पाणी शिरते, आणि ओसरताच व्यापारी चिखल उपसून पुन्हा दुकान मांडतात.

गणपतीत कुलुपे उघडतात. मी गावी गेलो की पडवीतच दवाखाना भरतो. येणारे बहुतेक सत्तरीपुढचे. कोणी ‘बरे वाटले’ म्हणून रक्तदाबाची गोळी सोडलेली असते. कोणाच्या पिशवीत तीन शहरांतल्या चिठ्ठ्या असतात. मुलांनी जेथे नेले, तेथल्या. दोन पाकिटांवर नावे निराळी, आत औषध एकच! ती पिशवी नीट लावून द्यायला अर्धा तास पुरतो. पण तेवढा निवांत वेळ त्यांना क्वचितच कोणी दिलेला असतो.

आपल्यापैकी अनेकांचे असे एखादे गाव असेल. कायमचे परतणे सर्वांना साधणार नाही. मात्र वर्षातून आठ दिवस, रक्तदाबमापक सोबत घेऊन जाणे अशक्य नाही. निसर्ग आणि देवदर्शन तर आहेच. पण आपली वाट पाहणारी माणसे हेच गावाचे सर्वांत मोठे आकर्षण आहे, आणि तेच सर्वांत आधी संपणारे आहे.