निऑनचे जुने ग्लो लॅम्प : संग्रह आणि ओळख

काचेच्या बंद फुग्यात कमी दाबाचा निऑन वायू आणि जवळजवळ बसवलेले दोन इलेक्ट्रोड, एवढीच ग्लो लॅम्पची रचना. पुरेसे व्होल्टेज मिळताच ऋण इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागालगत नारिंगी प्रकाशाचा थर पसरतो. वीज अगदी थोडी लागते. घराघरांतल्या विजेच्या टेस्टरमधला चिमुकला दिवा याच जातीचा.

निऑनचा शोध विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी 1898 मध्ये लंडनमध्ये लावला. फ्रान्सच्या जॉर्ज क्लोद यांनी 1910 मध्ये पॅरिसमध्ये दाखवलेल्या लांब नळ्यांमधून पुढे जाहिरातींचे दिवे आले. त्या नळ्यांत उजेड दोन टोकांमधल्या वायूच्या स्तंभातून येतो. ग्लो लॅम्पमध्ये मात्र तो इलेक्ट्रोडलाच लपेटून राहतो. असा छोटा दिवा जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनियल मॅकफार्लन मूर यांनी 1917 च्या सुमारास तयार केला. रात्रदिवे आणि यंत्रांवरचे इंडिकेटर यांत तो रुळला. जॉन लोगी बेअर्ड यांच्या 1930 च्या यांत्रिक दूरचित्रवाणी संचातही सपाट पत्र्याचा निऑन दिवा होता, कारण तो सिग्नलबरोबर झटक्यात कमीजास्त उजळू शके.

उजेड इलेक्ट्रोडचाच आकार घेत असल्याने पत्रा कापून फुले, पक्षी, क्रूस, अक्षरे घडवता आली. न्यूयॉर्कच्या एरोलक्स लाइट कॉर्पोरेशनने 1930 च्या दशकापासून 1970 च्या दशकापर्यंत असे दिवे बनवले. त्यांतल्या धातूच्या आकृतींवर फॉस्फरचा लेप असे, त्यामुळे एकाच फुग्यात वेगवेगळे रंग उजळत. ब्रिटनमधील ‘ऑसग्लिम’ दिव्यांत शंकूसारखी वेटोळी तार हा नेहमीचा आकार होता.

ओळख पटवताना आधी टोपीवरचा आणि काचेवरचा छाप भिंगातून वाचतात. छाप पुसला असेल, तर इलेक्ट्रोडचा आकार, फुग्याची घडण आणि टोपीचा प्रकार यांवरून माग काढतात. आट्यांची टोपी बहुधा अमेरिकेकडे, दोन पिनांची मोठी टोपी ब्रिटनकडे बोट दाखवते. पेटल्यावर वायूही कळतो : निऑन नारिंगी, आर्गॉन निळसर-जांभळा. एसीवर दोन्ही इलेक्ट्रोड उजळलेले दिसतात, डीसीवर फक्त ऋण.

पेटवून पाहण्याआधी रेझिस्टरची खात्री हवी. वायूतून प्रवाह सुरू झाला की तो स्वतःहून आटोक्यात राहत नाही. आट्यांच्या अमेरिकी दिव्यांत रेझिस्टर सहसा टोपीतच असतो. पिनांच्या छोट्या अमेरिकी दिव्यांना तो बाहेरून जोडावा लागतो. टोपीतला रेझिस्टर तिथल्या 110 ते 125 व्होल्टसाठी असल्याने भारतातल्या 230 व्होल्टवर असा दिवा थेट लावल्यास खराब होतो.

दिव्याचे वयोमान काचेवरून जोखतात. वापरात इलेक्ट्रोडवरचे धातूचे कण उडून आत काळा थर बसतो, तर फटीतून हवा शिरलेला दिवा पेटतच नाही. काळी काच किंवा उडालेला फॉस्फर फुगा फोडल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे साध्या इंडिकेटरपेक्षा आकृतींच्या दिव्यांना, आणि त्यांतही स्वच्छ काचेच्या, न वापरलेल्या नगांना संग्राहक अधिक मोल देतात. मूळ खोका सोबत असला, तर कंपनी आणि मॉडेल ठरवण्याचा तो भक्कम पुरावा ठरतो.