उद्यानातलं जेवण का बिघडतं?

कॅलिफोर्नियातलं नॉट्स बेरी फार्म हे करमणूक उद्यान जेवणातूनच उभं राहिलं. १९३४ साली कॉर्डेलिया नॉट यांनी आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांत तळलेली कोंबडी वाढायला सुरुवात केली. पुढे रांगेत ताटकळणाऱ्यांचं मन रमावं म्हणून आवारात जुन्या धाटणीचं गाव वसवलं गेलं.

आता बहुतेक ठिकाणी गणित उलटं आहे. लोक येतात पाळण्यांसाठी. बाहेरचा डबा आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक हातचं जात नाही. मग पहिली काटछाट स्वयंपाकघरात होते: गोठवलेले पॅटीस, तयार ग्रेव्ही, मोजके आचारी. शिवाय साऱ्यांना भूक लागते ती दुपारच्या त्याच दोन तासांत. म्हणून पदार्थ आधीच तळून दिव्याखाली ठेवतात. तिथे वडा मऊ पडतो, भाताची शितं कडक होतात.

तेलाकडे मात्र नीट पाहावं. पुन्हापुन्हा तापवलेलं तेल काळपट होतं, फेसाळतं, लवकर धुरावतं. आपल्याकडे त्यातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायला २०१८ पासून मनाई आहे. गरम अन्नही ६० अंश सेल्सियसच्या खाली ठेवायचं नसतं. पोराबाळांच्या पोटाचा प्रश्न आहे, इथे भीड कशाला? बिलावर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. तो देऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.