कॅडचा बॅकग्राऊंड: काळा, निळा की मक्याच्या शेताचा?

रेघेचा रंग आपण निवडतो, लेयर निवडतो, जाडीही निवडतो. मागचा रंग मात्र सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडल्यावर दिसला, तोच बहुतेक जण वर्षानुवर्षं ठेवतात. खरं तर कोणती रेघ डोळ्यांत भरेल आणि कोणती हरवेल, हे तोच ठरवतो. त्याच्या या गमतीच्या आणि तितक्याच कामाच्या गोष्टी.

अंधारातच जन्म

१९६३ साली इव्हान सदरलँड यांनी एमआयटीमध्ये ‘स्केचपॅड’ साकारलं. टीएक्स-२ संगणकाच्या पडद्यावर लाइट पेन टेकवून थेट आकृती काढता येऊ लागली. त्या पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत जिथे पडेल, तेवढाच ठिपका उजळायचा. बाकी सगळा अंधार. मागचा भाग पांढरा हवा, तर एकूण एक ठिपका पेटवत बसावं लागलं असतं. काळा बॅकग्राऊंड कुणी हौसेने निवडला नाही, तो यंत्रानेच दिला.

त्याआधी निळ्याचं राज्य

गडद पार्श्वभूमीवर पांढरी रेघ ही संगणकाची देणगी नाही. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये सायनोटाइप शोधला. लोहाच्या क्षारांचं लेपन केलेल्या कागदावर ट्रेसिंग ठेवायचं आणि उन्हात धरायचं. ऊन लागलं तो भाग धुतल्यावर गडद निळा. रेघेच्या सावलीतला भाग पांढरा. यालाच पुढे इंजिनिअर आणि आर्किटेक्ट ‘ब्लू प्रिंट’ म्हणू लागले.

तीन दिवे, आठ रंग

ऑटोकॅडचे १ ते ७ नंबरचे रंग आठवा: लाल, पिवळा, हिरवा, सायन, निळा, मॅजेंटा, पांढरा. लाल, हिरवा आणि निळा हे तीन दिवे नुसते चालू-बंद केले की नेमके हे सात मिळतात. आठवा रंग म्हणजे तिन्ही दिवे बंद. तो मागे पसरलेलाच असतो!

सात नंबर म्हणजे सरडा

७ नंबरचा रंग काळ्या बॅकग्राऊंडवर पांढरा दिसतो. बॅकग्राऊंड पांढरा केला की तीच रेघ काळी होते आणि कागदावरही काळीच उमटते. पण ट्रू कलरमधून २५५, २५५, २५५ असा पांढरा दिलात, तर तो कुठेही बदलत नाही. पडद्यावर दोन्ही रेघा अगदी सारख्या दिसतात, आणि रंगीत प्लॉट काढला की दुसरी गायब! खात्री करायची सोपी युक्ती: मिनिटभर बॅकग्राऊंड पांढरा करून बघा. जी रेघ दिसेनाशी होईल, तीच कागदावर दगा देणार.

निळी रेघ का हरवते?

वेबसाइटवरची अक्षरं नीट वाचता येतील का, हे तपासायला कॉन्ट्रास्टचं एक प्रमाणित सूत्र वापरतात. त्यात १ म्हणजे काहीच फरक नाही आणि २१ म्हणजे काळ्यावर पांढरं. ते आपल्या रेघांना लावलं, तर काळ्यावर पिवळी रेघ १९.५६ गुण मिळवते आणि निळी फक्त २.४४. पांढऱ्यावर चित्र पार उलटं: निळी ८.५९, पिवळी जेमतेम १.०७. आपल्या डोळ्याला निळ्याचा उजेड मुळातच फार कमी जाणवतो, त्याचा हा परिणाम.

आता ऑटोकॅडचा सध्याचा गडद राखाडी बघा. त्याचे आकडे ३३, ४०, ४८. डोळ्याला तो काळ्यापेक्षा सौम्य वाटतो, पण त्यावर ५ नंबरची निळी रेघ १.७३ वर घसरते. निळ्या लेयरवर तासन्‌तास काम असेल, तर एकतर लेयरचा रंग बदला, नाहीतर बॅकग्राऊंड.

बदलायला अर्धा मिनिट

ओपी टाइप करून एंटर मारा. ऑप्शन्समध्ये डिस्प्ले टॅब, तिथे कलर्सचं बटण. ‘२डी मॉडेल स्पेस’ आणि ‘युनिफॉर्म बॅकग्राऊंड’ निवडून हवा तो रंग द्या, मग ‘अप्लाय अँड क्लोज’. जुन्या काळ्याची आठवण येणाऱ्यांसाठी तिथेच ‘रिस्टोअर क्लासिक कलर्स’ आहे.

रंग फाइलबरोबर जात नाही

ऑटोकॅडमध्ये हा रंग ड्रॉइंगमध्ये नाही, तुमच्या प्रोफाइलमध्ये साठवला जातो. तीच डीडब्ल्यूजी फाइल तुमच्याकडे काळ्यावर उघडेल आणि साइटवरच्या इंजिनिअरकडे पांढऱ्यावर. फोनवर ‘ती पिवळी रेघ बघा’ म्हणताना एवढं ध्यानात ठेवा. समोरच्याला ती दिसतच नसेल!

खोडरबर नव्हे, रंगाचा पडदा

वाइपआउट कमांड काहीही खोडत नाही. ती बॅकग्राऊंडच्याच रंगाचा तुकडा रेघांवर ठेवते. बॅकग्राऊंड बदला, तुकड्याचा रंगही आपोआप बदलतो.

ज्याचा त्याचा रंग

कॅटिया व्ही-५ उघडलं की निळी छटा, फ्रीकॅडमध्येही तसाच निळसर उतरता रंग. स्केचअपमध्ये आकाश आणि जमीन यांना वेगवेगळे रंग देता येतात. किकॅड सर्किटची आकृती फिकट क्रीमवर दाखवतं आणि बोर्ड गडद निळ्यावर. पण नावांत बाजी मारतं ओपनस्कॅड. त्याच्या नेहमीच्या फिकट पिवळ्या रंगसंगतीचं नाव ‘कॉर्नफील्ड’, म्हणजे मक्याचं शेत. शिवाय ‘सनसेट’, ‘स्टारनाइट’ आणि ‘डीप ओशन’ आहेतच.

काळ्याने वीज वाचते?

ओएलईडी पडद्यावर नक्की, कारण तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका बंदच असतो. साध्या एलसीडी मॉनिटरवर मात्र मागचा दिवा काळ्या चित्रातही चालूच राहतो.

शेवटचा शब्द कागदाचा

१९९० च्या रिलीज ११ मध्ये ऑटोकॅडला पेपर स्पेस मिळाली. मॉडेलमध्ये कोणताही रंग ठेवा, लेआउटमध्ये पांढरा कागद समोर. त्याचं मोल महापालिकेत मंजुरीला नकाशा देणाऱ्यांना विचारा. तिथल्या रंगांच्या नियमात प्रस्तावित बांधकाम लाल, तर पाडायचं बांधकाम पिवळ्या हॅचने दाखवतात. काळ्या मॉडेलमध्ये पांढऱ्याखालोखाल ठळक दिसणारा हा पिवळाच पांढऱ्या कागदावर सगळ्यांत फिका पडतो. म्हणून काम करताना डोळ्यांना सोसेल तो रंग बेलाशक ठेवा, पण नकाशा हातातून सोडण्याआधी तो पांढऱ्यावर एकदा तपासाच.