आट्यांत अडकलेला रंग

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरकी बाजू पेन्सिलीवर वळसे घेत वर चढताना दिसेल. बोल्टाचे आटे म्हणजे नेमके हेच. साध्या यंत्रांत तुम्ही उतरण शिकलात. मळसूत्र ही गुंडाळलेली उतरणच आहे. मोटारीच्या चाकाला पुष्कळदा १२ मि.मी. व्यासाचे बोल्ट असतात. त्यांतल्या काहींवर नट एक फेरा फिरला, की १.५ मि.मी. पुढे सरकतो. आट्याच्या मधल्या घेराची लांबी सुमारे ३४.६ मि.मी. भरते. म्हणजे २३ पावले चालावे तेव्हा एक पाऊल वर चढावे, इतकी ही उतरण सौम्य असते. चढ अडीच अंशांचाच आणि घर्षण त्याहून भारी; म्हणून आवळलेला नट आपोआप खाली घसरत नाही.

या घळीत रंग भरला तर काय होईल?

प्रश्न पुस्तकी नाही. भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातल्या सानगडीसारख्या गावी चला. हा धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत बांध्यांतल्या चिखलातून आलेली जीप किंवा ट्रॉली गंजायला वेळ लागत नाही. मग गंज खरवडून खालपासून वरपर्यंत रंगाचा फवारा मारून घेतात. रंगारी काच झाकतो, दिवे झाकतो, बोल्ट मात्र झाकत नाही. रंग वाळला, की नट बोटांनी फिरेनासा होतो. मग लांब पाना लावायचा आणि जोर करून बसवायचा! इथेच खरा धोका आहे.

थोडे गणित करू. लहान मोटारीच्या चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळतात. ३० सें.मी. लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ३४ किलोचा भार दिला, की एवढा टॉर्क मिळतो. या टॉर्कने एक पूर्ण फेरा दिला तर ६२८ ज्यूल कार्य होते. घर्षण मुळीच नसते, तर हे सारे कार्य नट १.५ मि.मी. पुढे ओढण्यात खर्च झाले असते आणि बोल्टावर तब्बल ४२ टनांचा ताण आला असता. चांगल्या पोलादाचा बोल्टसुद्धा आठ-नऊ टनांना तुटतो. प्रत्यक्षात ताण येतो सव्वाचार टनांच्या आसपास, म्हणजे दहावा हिस्सा. उरलेले नऊ हिस्से घर्षण खाते. निम्मे नटाच्या बुडाशी आणि बाकीचे आट्यांत.

आता रंगाने त्यात आपला वाटा मागितला, समजा २० न्यूटन-मीटरचा. पान्याला हे कळत नाही. हाताला नट घट्ट लागतो, टॉर्क मोजणारा पानाही १०० दाखवतो. पण बोल्टाला ताणायला उरतात ८०. ताण साडेतीन टनांच्याही खाली येतो. आपण मोजतो पीळ आणि आपल्याला हवा असतो ताण, हे विसरून चालणार नाही.

रंगाचा थर तो केवढा, असे कोणी म्हणेल. ०.०५ मि.मी. धरा. पण आट्याच्या दोन बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन असतो, म्हणजे प्रत्येक बाजू बोल्टाच्या अक्षाला लंब असलेल्या रेषेशी ३० अंश करते. थराची जाडी त्या तिरक्या बाजूला लंब असते. त्रिज्येच्या दिशेने मोजली, तर ती जाडी भागिले ज्या ३०, म्हणजे दुप्पट होते. आणि व्यासाला दोन्हीकडची मिळून चौपट! ०.०५ चे झाले ०.२ मि.मी. नट आणि बोल्ट यांच्यामधली फट मात्र शतांश मिलिमीटरांपासून फार तर दोन-तीन दशांश मिलिमीटरांपर्यंत. नट अडेल नाही तर काय करेल?

याहून वाईट रंग तो, जो चाक आणि हब यांच्यामध्ये किंवा नटाच्या बुडाशी राहतो. आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. सव्वाचार टनांनी ४० मि.मी. लांबीचा बोल्ट जेमतेम ०.१ मि.मी. लांबतो. म्हणजे साऱ्या पकडीची पुंजी रंगाच्या एका जाड थराएवढी! गाडी चालू लागली, हब तापला, रंग दबून बाजूला सरला, ०.०५ मि.मी. जरी गेला, तरी ढोबळमानाने निम्मा ताण गेला. चाकाला बोल्ट खुंटीसारखे अडकवून धरत नाहीत, तर हबवर दाबून धरतात आणि त्या दाबातून येणारे घर्षण चाक सरकू देत नाही. दाब कमी झाला, की चाक दर फेऱ्याला किंचित हलते, बोल्ट उलटसुलट वाकतो आणि एक दिवस थकून तुटतो. म्हणून बसण्याच्या जागा आधी धातू दिसेपर्यंत साफ कराव्यात आणि चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरांनी नट पुन्हा तपासावेत.

सफाईची घाई नको. बोल्टावरचा रंग पितळी तारेच्या ब्रशाने, आट्यांच्या दिशेने फिरवत काढावा. साधा एनॅमल थिनरने मऊ पडतो. हार्डनर मिसळलेल्या रंगाचे रेणू वाळताना एकमेकांत जाळ्यासारखे गुंफले जातात, त्यामुळे तो सहज विरघळत नाही. थिनर झटकन पेट घेतो, वाफ डोक्यात जाते. काम उघड्यावर आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

नटाच्या आतल्या आट्यांसाठी पुष्कळ जण सरळ टॅप घालतात. मला ते पटत नाही. टॅप हे आटे कापायचे हत्यार आहे. जरा तिरका लागला, तर रंगाबरोबर धातूही जातो आणि धातू काही परत येत नाही. त्यापेक्षा त्याच मापाचा जुना बोल्ट घ्या. हॅक्सॉने त्याच्या लांबीला समांतर तीन-चार खाचा पाडा, कडांवरचे बूर कानशीने काढा. खाचेची कड रंग खरवडते आणि भुगा खाचेत साठतो. हाताने सुरुवात करावी, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. अडला, तर बाहेर काढून पुसावा. बोल्टाच्या बाहेरच्या आट्यांवर हेच काम डायनट करतो. आधी आट्यांचे माप मात्र नीट जुळवावे. काही जुन्या जीपगाड्यांना इंची आटे असतात आणि डाव्या चाकांना उलटे फिरणारे.

खरवडताना लावलेले तेल शेवटी पुसून टाका. कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तेलकट आट्यांना दिला, तर घर्षण घटून बोल्टावर ताण सहज तिसऱ्या हिश्श्याने वाढू शकतो. रंग बोल्टाला ढिला ठेवतो, तेल त्याला फाजील ताणते. पाना दोन्ही वेळा तोच आकडा दाखवतो.

आणि रंगवण्याआधीच बोल्टावर रबरी नळीचा तुकडा चढवला आणि भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवले, तर हा खटाटोप उरतच नाही.

जाता जाता एक प्रयोग. मोटारीत बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि दिव्यांचा परतीचा प्रवाह सांगाड्यातूनच जातो. रंग विद्युतरोधक आहे. जोडाच्या बोल्टाखाली तो राहिला, की दिवा मंद जळतो. एक नट आणि एक बोल्ट रंगवून वाळू द्या. नटाला व बोल्टाला एकेक तार अशी बांधा, की ती उघड्या धातूला टेकेल. त्या तारा एक सेल व टॉर्चचा बल्ब यांच्या मंडलात जोडा. नट फिरवत न्या आणि बल्ब केव्हा लुकलुकतो, केव्हा स्थिर जळतो ते वहीत नोंदवा.